शाळेचे वर्ष कोणाच्या हंगामाने मोजायचे?

शाळेचे वर्ष वाढवावे की नाही, यावर दर उन्हाळ्यात वाद रंगतो. २०२५ साली पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत गेल्या, तेव्हाही तो रंगला. कुणी उन्हाचे कारण पुढे केले, कुणी मामाच्या गावाचे. शाळेचा एकेक दिवस ज्याला सर्वात जास्त हवा आहे, ते ऊसतोड मजुराचे मूल या वादात आम्हाला कुठे दिसले नाही.

आपल्या नगर जिल्ह्याचेच घ्या. उत्तरेला प्रवरेचे पाणी आणि साखर कारखाने. देशातल्या सहकारी साखर कारखानदारीचा पाया इथेच, प्रवरानगरला घातला गेला. दक्षिणेला पाथर्डी, शेवगाव, जामखेड. पाऊस कमी, जमीन हलकी. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ट्रकमध्ये बसतात आणि मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला की परततात. यात वंजारी आहेत, बंजारा आहेत, मातंग आहेत, आपले बौद्ध बांधवही आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता. धाकटे पोर कोपीवर, आणि त्याला सांभाळायला थोरली मुलगी. ती मुलगी म्हणजे चौथी-पाचवीची विद्यार्थिनी.

आता हिशेब करू. शिक्षण हक्क कायदा, २००९ सांगतो की पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे. जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत, सुट्ट्या वजा जाता, या मुलीच्या वाट्याला शंभराच्या आसपास दिवस येतात. आठ वर्षे असेच चालले तर ती आठवी पास होते, पण शाळा झालेली असते चार वर्षांची. आणि एप्रिलमध्ये ती गावात येते तेव्हा काय होते? परीक्षा उरकतात आणि शाळेला सुट्टी लागते. शाळा सुरू असते तेव्हा मूल फडात, आणि मूल गावात असते तेव्हा शाळा बंद. हे वेळापत्रक तिचा विचार करून आखलेले नाही, एवढे तरी मान्य करावे लागेल.

ही गोष्ट आजची नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी हेच दुखणे मांडले होते. गावातला कष्टकरी मुलाला शाळेत घालत नाही, कारण घरात कमालीचे दारिद्र्य असते आणि गुरे राखायला, शेत सांभाळायला पोराची गरज असते, असे त्यांनी लिहिले. त्यांनी आईबापांना दोष दिला नाही. किमान बारा वर्षे वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करा आणि शिष्यवृत्त्या, बक्षिसे देऊन मुलांना शाळेकडे ओढा, अशी मागणी त्यांनी सरकारकडे केली. याच जोतीरावांना मुलींच्या शाळेची प्रेरणा नगरमधल्या मिस फरार यांच्या शाळेने दिली होती, हे नगरकरांनी विसरू नये.

१९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेब मुंबई विधिमंडळात बोलले. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात, बाकीची ८२ पुन्हा निरक्षर होतात, हा आकडा त्यांनी सभागृहापुढे ठेवला. शाळेत नाव घालणे म्हणजे शिक्षण नव्हे, हा त्याचा अर्थ. तेव्हा मूल शाळेतून गळायचे आणि आकड्यात दिसायचे. आज नाव पटावर राहते आणि मूल गळते. आजची गळती लपलेली आहे, म्हणून ती जास्त घातक आहे.

मुलाचा वेळ कोणाच्या मालकीचा, हा खरा सवाल आहे. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली विधेयकावर भाषण केले, तेव्हा त्यांचा एक आक्षेप असा होता की वतनदार हजर नसला तर त्याच्या घरातल्या माणसाला कामाला जुंपले जाते, म्हणजे एकाच्या नावावर अख्खे कुटुंब बांधले जाते. याच प्रश्नावर डिसेंबर १९३९ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या हरेगावला मोठी परिषद भरली आणि बाबासाहेब तिथे आले. वतन गेले. पण उचल आईबाप घेतात आणि फेडायला पोरीचे शाळेचे दिवस जातात, तेव्हा आम्हाला त्याच बेडीचा आवाज ऐकू येतो.

संविधान सभेत नोव्हेंबर १९४८ मध्ये चौदा वर्षांच्या वयोमर्यादेवर चर्चा झाली. सक्ती फक्त प्राथमिक शिक्षणापुरती ठेवा, अशी सूचना आली. बाबासाहेबांनी ती नाकारली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायचे नाही असे आपण ठरवतो, तर मग तेवढी वर्षे ते मूल शिक्षणसंस्थेतच गुंतलेले असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. शाळेचा दिवस मुलाला मजुरीपासून वाचवतो. शाळेचे वर्ष लांब असण्याचा पहिला फायदा हाच. दुसरा फायदा पोषण आहाराचा: शाळा भरते त्या दिवशी ताटात खिचडी असते. तिसरा उजळणीचा. ज्या घरात पुस्तके आहेत, त्या घरातले मूल सुट्टीतही वाचते. आमच्या वस्तीतले मूल दोन-तीन महिन्यांत बेरीज-वजाबाकीही विसरते.

‘मे महिन्यात पत्र्याच्या वर्गात पोरांना भाजून काढायचे का?’ असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. म्हणून सरसकट सर्वांची सुट्टी कापा, असे आम्ही म्हणत नाही. वर्ष वाढवायचे तर ते ज्याचे कापले गेले आहे त्याचे आधी वाढवा.

याचा मार्ग बाबासाहेबांनीच दाखवला आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह काढले. आईबाप कुठेही राबोत, मूल शाळेजवळ राहिले पाहिजे. २०२१ साली राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली. पण वसतिगृह ट्रक निघण्याआधी उघडले तरच त्याचा उपयोग. डिसेंबरात प्रवेश मिळून काय करायचे? पोर तोवर फडात पोचलेली असते. शिक्षण हमी कार्ड मुलाच्या हाती देणेही चांगले, पण फडाशेजारी शाळाच नसेल, किंवा असेल ती कन्नड असेल, तर कार्ड कोणाला दाखवायचे?

म्हणून आमच्या मागण्या दोनच. दसऱ्यापूर्वी वसतिगृहे सुरू करा. आणि एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत परतलेल्या मुलांसाठी गावातच सकाळचे वर्ग भरवा, पोषण आहारासह.

मित्रांनो, सरकारकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. ऊसतोड कुटुंबे परततात तेव्हाच १४ एप्रिल येतो. आपण डीजेवर हजारो रुपये उधळतो आणि दुसऱ्या दिवशी विहाराला कुलूप लावतो. यंदा १५ एप्रिलला ते कुलूप काढा. सकाळी सात ते दहा, दोन शिकलेली पोरे, एक फळा आणि गावातली फडावरून आलेली सगळी मुले, जात न विचारता. त्याआधी शाळेत जाऊन हजेरीपट पाहा आणि दिवाळीनंतर किती नावांपुढे गैरहजेरी लागली आहे ते मोजा. तो आकडा घेऊन ग्रामसभेत उभे राहा. जयंती तिथून सुरू होते.

जय भीम!