काळी जीभ : कुत्र्याचा आजार, माणसाचा पेलाग्रा

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत पाळीव कुत्र्यांना एक विचित्र आजार होई. तोंड आतून लालबुंद होई, जीभ पुढे काळसर पडे, दुर्गंधीयुक्त लाळ गळे, अन्नावरची वासना उडे आणि अखेर कुत्रे मरे. लोक त्याला ‘ब्लॅक टंग’, म्हणजे काळी जीभ, म्हणत.

त्याच प्रदेशात माणसे पेलाग्राने मरत होती. उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर चट्टे, मग जुलाब, बुद्धिभ्रंश आणि शेवटी मृत्यू. १९०६ ते १९४० या काळात सुमारे ३० लाख लोकांना तो झाला व सुमारे १ लाख दगावले, असा अंदाज आहे. कापसाच्या शेतांत राबणारी गरीब कुटुंबे मक्याचे पीठ, काकवी आणि डुकराची खारवलेली चरबी यांवर दिवस काढीत. कुत्र्यांच्या वाट्याला त्याच ताटातले उरलेसुरले येई.

वैद्यकविश्व मात्र जंतू शोधत होते. १९१४ साली हे काम सरकारी आरोग्यसेवेतील डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांच्याकडे आले. अनाथालयांत मुले आजारी पडतात, कर्मचारी पडत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. दूध, अंडी, मांस मिळताच मुले बरी झाली. १९१५ मध्ये मिसिसिपीतील कैद्यांना, शिक्षामाफीच्या बोलीवर, निकृष्ट आहार देऊन त्यांनी पेलाग्रा उत्पन्नही केला. (आजच्या नीतिनियमांत हा प्रयोग बसणार नाही.) रोग संसर्गजन्य नाही हे दाखवण्यासाठी त्यांनी व सहकाऱ्यांनी रुग्णांचे रक्त टोचून घेतले, मलमूत्र पोटात घेतले, पत्नी मेरी यांनीही रक्त टोचून घेतले. तरी अनेकांना पटेना. आपल्याकडचा रोग दारिद्र्याचा आहे, हे ऐकणे पुढाऱ्यांना अपमानास्पद वाटे.

मग कुत्री उपयोगी पडली. पेलाग्राग्रस्तांचा आहार ती खाईनात, म्हणून रुची यावी यासाठी त्यात यीस्ट मिसळले गेले. आणि त्या कुत्र्यांना काळी जीभ होईना. चवीसाठी घातलेले द्रव्यच औषध निघाले. १९२७ च्या मिसिसिपी महापुरानंतर पूरग्रस्तांना तेच यीस्ट वाटण्यात आले. गोल्डबर्गर १९२९ मध्ये वारले. यीस्टमधले नेमके द्रव्य त्यांना उमगले नव्हते.

ते १९३७ मध्ये सापडले. विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनराड एल्व्हेहेम यांनी यकृताच्या अर्कातून वेगळे केलेल्या निकोटिनिक आम्लाने काळी जीभ झालेली कुत्री बरी केली. लवकरच माणसांवरही तेच गुणकारी ठरले. तंबाखूतल्या निकोटिनशी गल्लत नको म्हणून पुढे त्याला ‘नायसिन’ हे नाव मिळाले. मक्यात नायसिन असते, पण बांधलेले, शरीराला न मिळणारे. मेक्सिकोतील लोक पूर्वापार मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्याने ते मोकळे होते. मका युरोपात आणि अमेरिकेच्या दक्षिणेत रुजला तो या कृतीवाचून.

दख्खनमध्ये मात्र पेलाग्रा ज्वारी खाणाऱ्या गरिबांत आढळला, आणि ज्वारीत नायसिन मक्यासारखे कमी नसते. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन व सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास ज्वारीतील ल्युसीन या अमिनो आम्लाच्या आधिक्याकडे बोट दाखवले. मग त्यांनीही कुत्र्यांनाच ज्वारीचा आहार दिला आणि काळी जीभ पुन्हा उमटली. ल्युसीनबाबत पुढे मतभेद झाले. कोरड्या भाकरीला डाळ, शेंगदाणे वा दुधाची जोड असेल तिथे मात्र हा आजार सहसा दिसत नसे.