शिंपल्याची साक्ष

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. पण गोदावरी-प्रवरेच्या पात्रात गोड्या पाण्यातले शिंपले आहेत. हा जीव पाणी गाळून त्यातले अन्नकण खातो. पाण्यात पारा, शिसे, कॅडमियम असेल तर तेही त्याच्या मांसात साठते. पाणी वाहून जाते, नोंद शिंपल्यात राहते.

माणसाने ही नोंद उशिरा वाचली. जपानमधल्या मिनामाता इथे रासायनिक कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा मासे-शिंपल्यांवाटे कोळ्यांच्या घरांत शिरला. १९५६ साली त्या आजाराची अधिकृत नोंद झाली. आधी माणसे आजारी पडली, मग शिंपल्यांकडे लक्ष गेले.

हा क्रम बदलावा म्हणून अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ साली सुचवले, की किनाऱ्याकिनाऱ्यावरचे शिंपले नियमित तपासावेत. तपासणीत शिंपल्याचे मांस सुकवून आम्लात विरघळवतात आणि त्यातला धातू यंत्राने मोजतात. आपल्याकडे ठाण्याच्या खाडीतल्या पाऱ्याविषयीचे संशोधन १९८१ साली प्रसिद्ध झाले.

परदेशी जाणारा माल तपासला जातो, कारण घेणारा तशी अट घालतो. नदीतून चार शिंपले वेचून कालवण करणाऱ्या घरासाठी अट कोणी घालायची? शेतात फवारलेले औषधही पावसाबरोबर अखेर नदीतच उतरते.

आम्हा कवींना शिंपला म्हटला की मोती आठवतो. मला मात्र त्याच्या मांसातली ती मुकी साक्ष अधिक मोलाची वाटते. माणूस अंथरूण धरण्याआधी ती ऐकली गेली पाहिजे.