झाडशाची बेगम आणि ‘जहाज’ साहेब

गुरुग्रामच्या उंच इमारतींच्या दाटीत झाडसा नावाचं गाव आहे. तिथून सोहना रस्त्याला लागलं की बादशाहपूर येतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस बादशाहपूर-झाडसा हा एकच परगणा होता आणि तो होता मेरठजवळच्या सरधन्याच्या बेगम समरूकडे.

समरू हे तिच्या नवऱ्याचं, वाल्टर राइनहार्टचं टोपणनाव. बंगालचा मीर कासीम, अवधचा शुजाउद्दौला, भरतपूरचे जाट आणि शेवटी बादशहाचा सरदार नजफखान, इतके धनी या युरोपीय भाडोत्री शिपायाने बदलले. १७७८ मध्ये तो वारला आणि पलटणी बेगमेच्या हाती आल्या.

दिल्लीच्या दक्षिणेला धनी बदलण्याच्या या खेळाला एक कारण होतं : थकलेला पगार.

बेगमेच्या पदरी जॉर्ज थॉमस हा आयरिश खलाशी होता. तिच्याशी बिनसल्यावर १७९३ मध्ये तो महादजी शिंद्यांचे मेवातमधले सरदार आप्पा खंडेराव यांच्याकडे गेला. आप्पांची तिजोरी रिकामी. पगाराऐवजी त्यांनी त्याला तिजारा, फिरोजपूर असे परगणे लावून दिले. वसूल होईल ते त्याचं! पण मेवाती कुणाला दाद देत नव्हते. तिजाऱ्यापुढे तळ पडला त्याच रात्री छावणीच्या मधोमध बांधलेला घोडा चोरीला गेला.

पुढे पगारासाठी आप्पांचेच शिपाई उलटले आणि त्यांनी धन्याला कोटपुतळीत अडकवून ठेवलं. थॉमसने त्यांना सोडवून आणलं. आप्पांनी त्याला मुलगा मानलं, हत्ती-पालखीसाठी पैसे दिले, वर झज्जरचा मुलूख दिला.

१७९५ मध्ये हीच पाळी बेगमेवर आली. तिच्या पलटणींनी तिला कैद केलं, तेव्हा तिने साकडं घातलं ते थॉमसलाच. ज्याने तिच्या मुलखातून खंडणी उकळली होती, त्यानेच तिला पुन्हा गादीवर बसवलं.

१७९७ मध्ये दुखण्याला कंटाळून आप्पांनी यमुनेत देह ठेवला. त्यांचा पुतण्या वामनराव याच्याशी थॉमसचं जमेना. त्याने हांसीत स्वतःचं राज्य मांडलं, नाणीही पाडली. १८०१ मध्ये शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ याच्या फौजेने त्याला तिथून उठवलं. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बेहरामपूरला तो वारला.

बेगम मात्र टिकली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत तिच्या पलटणी शिंद्यांच्या बाजूने उभ्या होत्या. त्यानंतर लवकरच ती इंग्रजांना मिळाली आणि सरधन्याची जहागीर तिने मरेपर्यंत राखली. १८३६ मध्ये ती गेली आणि कंपनी सरकारने झाडशाचा परगणा खालसा केला.

झज्जर जिल्ह्यात थॉमसने बांधलेल्या किल्ल्याचं नाव होतं जॉर्जगढ. लोकांनी ‘जॉर्ज’चं ‘जहाज’ केलं. तिथल्या गावाला आजही जहाजगढ म्हणतात.