घरातली शुश्रूषा: नोकरी की सोबत?

मागच्या व्याख्यानात आपण कारखान्यातले कामाचे तास कसे ठरले ते पाहिलं. आज घरात शिरू. घरी येऊन रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या बाईला पगार किती, रजा कोणती, म्हातारपणी आधार कोणाचा, हा आजचा प्रश्न. उदाहरण अमेरिकेचं घेऊ, कारण तिथे हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

१९२० च्या सुमाराला अमेरिकेतल्या बहुतेक शिकलेल्या नर्स रुग्णालयात नोकरीला नव्हत्याच. तिथलं काम मुख्यतः विद्यार्थिनी करत. शिक्षण संपलं की नर्स नोंदणी केंद्रात नाव घालायची आणि बोलावणं आलं की त्या कुटुंबात जाऊन राहायची, कित्येकदा चोवीस तास. मोबदला कुटुंब देई. रुग्ण बरा झाला किंवा गेला की काम संपलं. पुढचं बोलावणं येईपर्यंत कमाई शून्य. म्हणजे बघा, दिवसाचा दर बरा दिसे, पण वर्षाची मिळकत किती होईल हे तिचं तिलाही सांगता येत नसे.

मग महामंदी आली. कुटुंबांना नर्स परवडेनाशी झाली. त्याच सुमाराला, १९२९ मध्ये, टेक्सासमधल्या डॅलस शहरात शिक्षकांसाठी एक योजना निघाली: महिन्याला ५० सेंट भरा, वर्षात २१ दिवस रुग्णालयात उपचार मिळतील. ब्लू क्रॉस विम्याची ही सुरुवात. यातली मेख लक्षात घ्या. विम्याचा पैसा रुग्णालयाला मिळे, घरी येणाऱ्या नर्सला नाही. पैसा गेला तिकडे काम गेलं, आणि शिकलेली नर्स हळूहळू रुग्णालयाची पगारदार झाली. घरात उरलेलं काम कमी शिकलेल्या, मोठ्या संख्येने कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित बायकांकडे आलं.

आता कायद्यांकडे वळू. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने निवृत्तिवेतन आणलं, पण घरकाम आणि शेतमजुरी वगळली. १९३८ च्या कायद्याने ताशी २५ सेंट किमान वेतन आणि जादा तासांना दीडपट दर दिला, पण घरात राबणाऱ्या बायका व्यवहारात बाहेरच राहिल्या. १९७४ मध्ये त्यांना आत घेतलं. शर्ली चिझम यांनी त्यासाठी जोर लावला होता. मात्र त्याच दुरुस्तीत एक फट राहिली. म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाला 'सोबत' करणाऱ्यांना हे लागू नाही, असं म्हटलं गेलं. शेजारच्या आजीपाशी चार तास बसणारी एखादी बाई डोळ्यांपुढे असावी. पण श्रमखात्याच्या १९७५ च्या नियमांनी हा अपवाद एजन्सीच्या पगारी माणसांनाही लावला. शिकलेल्या नर्सचं काम 'सोबत' धरलं जात नव्हतं. तिच्या जागी आलेली मदतनीस मात्र त्या एका शब्दात अडकली.

एव्हलिन कोक ही अशीच एक मदतनीस. जमैकाहून आलेली, न्यूयॉर्कमध्ये सुमारे २० वर्षं हेच काम. रुग्णाला आंघोळ घालायची, उठवायचं-बसवायचं, भरवायचं. कधी सलग २४ तास. तिने जादा तासांचा दर मागितला. ११ जून २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल तिच्याविरुद्ध दिला. असा नियम करायचा अधिकार श्रमखात्याला होता, एवढंच न्यायालय म्हणालं. २००९ मध्ये, ७४ व्या वर्षी, ती वारली. २०१३ मध्ये खात्याने नियम बदलला आणि एजन्सीच्या मदतनिसांना तो हक्क मिळाला. अंमल २०१५ पासून. आणि २०२५ मध्ये जुना नियम परत आणायचा प्रस्ताव त्याच खात्याने मांडला. म्हणजे गोष्ट संपलेली नाही.

हे सगळं दूरचं वाटत असेल, तर आमच्याच घरचं सांगतो. आमच्या आईच्या शेवटच्या वर्षात एका ब्यूरोकडून रात्रपाळीला एक ताई येत. आम्ही दर महिन्याला ब्यूरोला पैसे भरत होतो. त्यातले ताईंच्या हाती किती पडतात, हे आम्ही कधी विचारलं नाही. त्या आजारी पडल्या की बदली बाई यायची आणि ताईंचा त्या दिवसांचा पगार जायचा. आई गेली त्या दिवशी त्या आमच्याबरोबर रडल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांना काम नव्हतं, हे आमच्या लक्षात आलं ते पुष्कळ दिवसांनी. आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलेल्या माणसाची ही स्थिती!

कांटने १७८५ च्या ग्रंथात दोन गोष्टी वेगळ्या केल्या: काही गोष्टींना किंमत असते, काहींना प्रतिष्ठा. प्रतिष्ठेला बाजारभाव लावता येत नाही. हे आम्ही वर्गात किती वेळा सांगितलं असेल! पण घरात आपण त्याचा सोयीस्कर अर्थ लावतो. सेवा अनमोल आहे म्हणायचं आणि मोल द्यायची वेळ आली की गप्प बसायचं. ताईंची माया विकत घेता येत नव्हती, हे खरंच. पण त्यांची जागलेली रात्र हे काम होतं, आणि कामाला तास असतात, सुट्टी असते, आजारपण असतं.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज कोणीतरी ताई, मावशी किंवा सिस्टर येत असतील. आज घरी गेल्यावर दोन गोष्टी विचारा: हातात किती पडतात, आणि आठवड्याची सुट्टी भरपगारी आहे का. उत्तर ऐकून काय करायचं, ते आपल्याला ठाऊक आहे.

आता प्रश्न घेऊ.