सर्व्हिस मोटारीचं मूळ रूप कोणतं?

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात आपण काय पाहतो आणि काय आपल्याला दिसतच नाही, असा आजचा विषय आहे. मुंबईत अशी प्रदर्शनं भरतात, तेव्हा पॅकार्ड, ब्युइक, कॅडिलॅक अशा अमेरिकी गाड्या चकचकीत होऊन उभ्या राहतात. त्या बहुधा संस्थानिकांच्या नाहीतर शेठजींच्या. पण आपल्या मालवण-वेंगुर्ल्याकडच्या माणसाचा ज्या अमेरिकी गाडीशी रोजचा संबंध आला, ती तिथे क्वचितच दिसते. ती म्हणजे सर्व्हिस मोटार आणि मालाचा ट्रक.

आधी एक साधा प्रश्न. राज्य इंग्रजांचं, मग गाड्या अमेरिकेच्या कशा? त्या काळी ब्रिटनमध्ये मोटारीवरचा कर सिलिंडरच्या व्यासावरून ठरत असे. त्यामुळे तिथले कारखानदार लहान इंजिनं बनवत. अमेरिकेत पेट्रोल स्वस्त, अंतरं लांब आणि खेड्यांतले रस्ते मातीचे. म्हणून तिथली गाडी जमिनीपासून उंच, दणकट आणि दुरुस्तीला सोपी. फोर्डच्या टी मॉडेलच्या १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी गाड्या निघाल्या, त्या याच गुणांवर. असे गुण आमच्या घाटांना आणि तांबड्या मातीच्या रस्त्यांना मानवणारच! शिवाय साम्राज्याच्या बाजारासाठी उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाड्या कॅनडातल्या कारखान्यांतून यायच्या.

१९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत गाड्यांची जुळणी सुरू केली. पाठोपाठ फोर्डही आली. आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो आणि फार्गो या गाड्या बाहेर काढल्या. पुढे सरकारने धोरण ठरवलं, की सुटे भाग इथे बनवायची योजना असेल त्यांनीच राहावं. १९५४ पर्यंत जनरल मोटर्स आणि फोर्ड, दोघींनी इथला गाशा गुंडाळला.

आता कोकणात या. पावसाळा सोडून मुंबईचा चाकरमानी आगबोटीने मालवणला किंवा वेंगुर्ल्याला उतरायचा. पावसाळ्यात बोटी बंद. मग कोल्हापूरपर्यंत रेल्वे आणि पुढे मोटारीने घाट उतरायचा. ही खाजगी मोटार म्हणजे सर्व्हिस. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं, तेव्हा गाड्यांना कोळशाच्या भट्ट्या जोडल्या गेल्या. त्या गॅसवर इंजिनाची ताकद कमी पडायची, चढावर गाडी धापा टाकायची. पण दळणवळण थांबलं नाही. पुढे १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. सुरुवातीच्या ताफ्यात शेवरोले होत्या, स्टुडबेकर होत्या, आणि बेडफोर्ड होत्या. बेडफोर्ड नावाने इंग्रजी खरी, पण तिची मालकी जनरल मोटर्सचीच!

आता मुद्द्यावर येतो. २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटून गेलेली, खाजगी वापराची दुचाकी किंवा मोटारगाडी, मूळ रूपात राखलेली असेल, तर तिला विंटेज म्हणून नोंदणी मिळते. तिच्या नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क आहे. नियम चांगला आहे, त्याने पुष्कळ गाड्या वाचतील. पण पोटासाठी राबलेली बस आणि ट्रक त्यात बसत नाहीत.

आणि ‘मूळ रूप’ म्हणजे काय हो? आमच्या बसचं चासी आणि इंजिन तेवढं परदेशी. वरची बॉडी इथल्या सुतार-लोहारांनी बांधलेली. पुढे पेट्रोल परवडेना म्हणून कित्येक गाड्यांत डिझेल इंजिन बसवलं गेलं. मिळिंद राजाला भदंत नागसेनांनी विचारलं होतं, रथ म्हणजे नेमकं काय? चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, आणि हे सगळं वगळून वेगळा असा रथही सापडत नाही. भाग एकत्र आले की त्या जुळणीला आपण व्यवहारात ‘रथ’ हे नाव देतो. मला वाटतं, सर्व्हिस मोटारीचंही तसंच आहे. डेट्रॉइटहून निघालेला सांगाडा हे तिचं मूळ रूप मानलं, तर मिस्त्रीने केलेला प्रत्येक बदल हा दोष ठरतो. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तो बदल हाच पुरावा आहे. टंचाईत माणसांनी काय केलं, ते त्यातूनच कळतं.

राजाची गाडी टिकते, कारण ती गॅरेजात उभी राहू शकते. राबणारी गाडी झिजते आणि शेवटी भंगारात जाते. मग प्रदर्शनात फक्त श्रीमंतांचा भूतकाळ उरतो आणि पुढची पिढी त्यालाच सगळा भूतकाळ समजते. या नुकसानाबद्दल आपण फारसं बोलत नाही.

म्हणून एक विनंती. गाडी आता मिळणार नाही, पण तिच्याबद्दलची माहिती अजून मिळू शकते. कुडाळ, कणकवली, सावंतवाडीकडे त्या काळातले ड्रायव्हर, क्लीनर, मिस्त्री कोणी असतील, तर ते आता ऐंशी-नव्वदीत असतील. त्यांच्याशी बोला, मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. इंजिन कोणतं होतं, बॉडीला लाकूड कसलं वापरलं, घाटात ब्रेक तापले की काय करायचे, असं नेमकं विचारा. घरात जुनं तिकीट, परवाना, फोटो असेल, तर मागे तारीख आणि गाव लिहून ठेवा. एवढं झालं तरी पुष्कळ आहे.