निरुद्ध

घंटांची आणि फरशांची उदाहरणे सोडविताना ज्या मुलांनी ‘लसावि’ हा शब्द घोकला, त्यांपैकी बहुतेकांचा समज असा असतो की, हा विधी इंग्रजी अंकगणिताच्या मागोमाग आपल्या शाळांत आला. तो समज किती अपुरा आहे याचा पुरावा १९१२ साली मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, सरकारी छापखान्यातून ग्रंथरूपाने बाहेर पडला.

प्रेसिडेन्सी कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक रंगाचार्य यांच्याकडे तेथील सरकारी प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयाचाही कारभार होता. हिंदू गणिताच्या इतिहासावर नवा प्रकाश टाकील अशी एखादी पोथी त्या दफ्तरात आहे काय, याचा तपास करण्यास शिक्षणखात्याचे डायरेक्टर स्टुअर्ट यांनी त्यांना सांगितले, आणि महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’च्या अपुऱ्या प्रती त्यांच्या हाती लागल्या. मैसूर व मूडबिद्री येथून आणखी प्रती मिळवून त्यांनी मूळ संहिता इंग्रजी भाषांतरासह सिद्ध केली. ज्या राष्ट्रकूटांनी वेरूळचे कैलास लेणे कोरविले, त्यांच्याच कुळातील अमोघवर्षाच्या राज्यात, इसवी सनाच्या ९ व्या शतकात, हा जैन पंडित होऊन गेला. तेव्हा मराठी वाचकाला तो परका वाटण्याचे कारण नाही.

महावीराचार्य लसाविला ‘निरुद्ध’ म्हणतात. छेदांचे सामाईक अवयव काढावेत, उरलेल्या भागाकारांशी त्यांचा गुणाकार करावा, की निरुद्ध मिळतो. ६, १० आणि १५ हे छेद नुसते गुणले तर ९०० येतात. निरुद्ध मात्र अवघा ३०. एक षष्ठांश, एक दशांश आणि एक पंधरांश यांची बेरीज ३० पैकी ५, ३ आणि २, म्हणजे १०, अर्थात एक तृतीयांश. श्रमाची केवढी ही किफायत! आणि हे गणित रुक्ष नाही: प्रणयकलहात तुटलेल्या हाराचे तृतीयांश मोती दासीला सापडले, षष्ठांश शय्येवर पडले, असे त्यांचे एक उदाहरण आहे, येथे ६ हा निरुद्ध धरला की निम्मे मोती तत्काळ हिशेबात येतात.

हीच दृष्टी तमिळ व्यवहाराच्या भाषेतही मुरलेली आहे. ‘मा’ म्हणजे विसावा भाग आणि ‘काणि’ म्हणजे ऐंशीवा. एका मात चार काणी. त्यांत आणखी एक मिळविली की ऐंशीपैकी पाच, म्हणजे बरोबर सोळावा हिस्सा होतो, आणि त्या हिश्शाचे तमिळ नावच मुळी ‘माकाणि’ आहे. वीस आणि सोळा यांचा निरुद्ध ऐंशी.