दिनविशेष : 23 ऑक्टोबर

1983 : इंग्लंडमधील थ्रक्स्टन ट्रॅकवर ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेची अखेरची शर्यत झाली. तिच्याआधी गुणतक्त्यात ब्रिटिश चालक मार्टिन ब्रंडल एका गुणाने पुढे होता. शर्यत ब्राझीलच्या 23 वर्षांच्या आयर्टन सेन्नाने जिंकली आणि अजिंक्यपदही नेले. इंजिनातले तेल लवकर तापावे म्हणून त्याच्या गाडीच्या ऑइल रेडिएटरवर चिकटपट्टी लावली होती. तेल तापल्यावर ती त्याने धावत्या गाडीतून, आसनाचा पट्टा सैल करून, हात बाहेर घालून ओढून काढली. धाडस म्हणा, आततायीपणा म्हणा. पुढे फॉर्म्युला वन गाजवणारा सेन्ना त्यात पुरता दिसतो.

फॉर्म्युला थ्रीसारख्या कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय मालिकांची खरी किंमत इथे कळते. गाड्या जवळपास सारख्या, त्यामुळे चालकाला सबब उरत नाही. सेन्ना आणि ब्रंडल, दोघेही पुढच्याच वर्षी फॉर्म्युला वनमध्ये उतरले. आपला नारायण कार्तिकेयनही याच मालिकेत शर्यती जिंकून 2005 मध्ये तिथे पोचला. आज युवा चालकांची वाट बहुतांशी आंतरराष्ट्रीय मालिकांतून जाते. ही मूळ ब्रिटिश मालिका 2014 च्या हंगामानंतर बंद पडली.